पाण्याची भांडी, गॅसची भांडी: दोन फुटी टाकीच्या नोंदी

3 नोव्हेंबर 2024, रविवार (भाऊबीज)

माशांची टाकी 2 फूट लांब, 1 फूट रुंद, सव्वा फूट उंच. काठोकाठ भरली तर 70 लिटर, वाळू-दगड वजा करून 55 धरायची. आत मासे म्हणजे गप्पी आणि 6 निऑन टेट्रा. पाणझाडं म्हणजे रोटाला, हायग्रोफिला, व्हॅलिसनेरिया आणि सासरच्या विहिरीतून आणलेली हायड्रिला. दिवे चांगले, खत वेळेवर. तरी रोटाला दोन महिन्यांत बोटभरही वाढली नाही. हायड्रिला आणि व्हॅलिसनेरिया मात्र जोरात, फक्त पानांवर पांढरा खरखरीत थर. आमचं बोअरचं पाणी जड. या दोघी पाण्यातल्या बायकार्बोनेटमधून कार्बन ओढून घेतात आणि चुना पानावरच सोडतात. रोटालाला ते जमत नाही, तिला तयार कार्बन डायऑक्साइड लागतो. म्हणजे ती उपाशी आहे.

या गॅसचा सिलिंडर आणि रेग्युलेटर यांचा खर्च घरात बोलायचीही सोय नाही. पण यीस्ट साखर आंबवतं तेव्हा हाच गॅस सुटतो. साखर, यीस्ट, पाणी आणि एक भांडं एवढ्यात भागवायचं ठरलं. भाचा अकरावीला आमच्याकडेच असतो, तो भागीदार. आज भाऊ येऊन गेला, फराळाच्या गडबडीत कोल्ड्रिंकच्या 3 मोठ्या बाटल्या रिकाम्या झाल्या, त्या भाच्याने धुऊन ठेवल्यात.

तशी लातूरच्या घरात भांड्यांना तोटा नाही. 2016च्या एप्रिलात मिरजेहून रेल्वेच्या टाक्यांतून पाणी यायचं, तेव्हा जे दिसेल त्यात आम्ही पाणी भरून ठेवायचो. ते सगळं माळ्यावर अजून आहे. संध्याकाळी खाली काढून व्हरांड्यात ओळ लावली: तेलाचा 5 लिटरचा कॅन, 20 लिटरचा पाण्याचा जार, लिटरच्या पाण्याच्या बाटल्या, लोणच्याची काचेची बरणी, आमच्या मेडिकल दुकानातली अडीच लिटरची तपकिरी काचेची रसायनाची बाटली, जुना अॅल्युमिनियमचा कुकर, झाकणाची दुधाची किटली, 2 मडकी. सासूबाई बघून म्हणाल्या, "रेल्वेनं पाणी आलतं लातूरला, अन् ही मासे पाळायलीय." टाकीचं बदललेलं पाणी तुळशीला आणि जास्वंदीला जातं, हे मी त्यांना दर रविवारी सांगते.

5 नोव्हेंबर

कागदावरचा हिशोब. साखरेचे 342 ग्रॅम पूर्ण आंबले तर 176 ग्रॅम कार्बन डायऑक्साइड मिळतो, बाकीचं अल्कोहोल. म्हणजे 200 ग्रॅम साखरेतून 100 ग्रॅमच्या थोडं वर. खोलीच्या तापमानाला हे 56-58 लिटर गॅस होतात. प्रत्यक्षात कमीच मिळणार, कारण काही साखर यीस्ट स्वतःच्या वाढीला घेतं आणि काही तशीच राहते. पण आकडा पाहून एक कळलं: गॅस ठेवायचाच नाही, तो येत राहणार आणि जात राहणार. भांडं किती मोठं, हा प्रश्न आपण पाण्याच्या सवयीने विचारतो.

मिश्रण ठरवलं: दीड लिटर पाणी, 200 ग्रॅम साखर, अर्धा चमचा बेकरीचं कोरडं यीस्ट, चिमूटभर खाण्याचा सोडा. सोडा अशासाठी की आंबताना मिश्रण आंबट होत जातं आणि फार आंबट झालं की यीस्ट मंदावतं. यीस्ट गंजगोलाईत बेकरीचं सामान मिळतं तिथून आणलं. डबी उघडली की फ्रीजमध्ये.

10 नोव्हेंबर, रविवार

पहिला मान लिटरच्या पाण्याच्या बाटलीला, कारण ती हाताशी होती. मिश्रण लिटरच्या मापाने कमी केलं. टोपणाला भोक, त्यात सलाईनच्या सेटची नळी. मेडिकल दुकानाचा हा एक फायदा. सेटची नळी पीव्हीसीची असते. मत्स्यालयाच्या दुकानात मिळणारी मऊ सिलिकॉनची नळी हवेच्या पंपाला उत्तम, पण तिच्या अंगातूनच कार्बन डायऑक्साइड झिरपून जातो.

सकाळी बाटली आडवी. गळालं काही नाही, पण तिचा तळ फुगून गोल झाला होता आणि ती उभी राहायला तयार नव्हती. भाच्याने कोल्ड्रिंकची बाटली तिच्या शेजारी उलटी धरली. तिच्या तळाला 5 पाय आहेत, फुलाच्या पाकळ्यांसारखे. सपाट तळ दाबाने बाहेर येतो. पाकळ्यांचा तळ दाब वाटून घेतो आणि बाटली उभी राहते. भिंतही जाड. दोन्ही बाटल्या एकाच प्लास्टिकच्या, पेटच्याच. एक पाण्यासाठी केलेली, दुसरी सोड्यासाठी. कोल्ड्रिंकमध्ये साध्या तापमानालाही वातावरणाच्या तिप्पट-चौपट दाब असतो आणि उन्हात टेम्पोत पडून तो वाढतो. ते सगळं सोसायची तयारी त्या बाटलीत कंपनीनेच करून दिलेली आहे, आणि आपण ती भंगारात देतो.

13 नोव्हेंबर

तेलाचा कॅन आणि 20 लिटरचा जार एकाच संध्याकाळी बाद.

कॅनचं झाकण घट्ट वाटतं, पण नवीन असताना त्याला हवाबंद ठेवते ती तोंडावर चिकटवलेली चंदेरी पट्टी. ती आपण पहिल्याच दिवशी फाडतो. उरतं ते नुसतं टोपण. साबणाचं पाणी लावल्यावर आट्यांतून फेस आला. शिवाय चौकोनी भांड्याच्या सपाट बाजू थोड्याशा दाबानेही ढेरीसारख्या सुटतात.

जारचं झाकण तर दाबून बसवायचं, आट्याच नाहीत. भाच्याचा हट्ट की 20 लिटरमध्ये किलोभर साखर घालू, महिनाभर बघायला नको. मी म्हटलं, अर्धा जार रिकामा राहिला तर ती 10 लिटरची पोकळी गॅसने भरून तिच्यात दाब धरेपर्यंत टाकीत बुडबुडा येणार नाही. आणि भिंत जेवढी मोठी तेवढा त्याच दाबाचा तिच्यावरचा एकूण जोर मोठा. जार परत माळ्यावर.

19 नोव्हेंबर, मंगळवार

उद्या विधानसभेचं मतदान, त्यामुळे कालपासून ड्राय डे. आणि नेमका आजच आमच्या घरातून गुत्त्यासारखा वास.

झालं असं की कोल्ड्रिंकच्या बाटलीत (सव्वादोन लिटर) मी साखरेऐवजी गूळ घातला. गुळात खनिजं असतात, यीस्ट त्यावर तुटून पडतं. फेस इतका आला की गळ्यापर्यंत चढून नळीतून निघाला. अर्धा टाकीत, अर्धा फरशीवर. टाकीचं पाणी दुधाळ. निम्मं पाणी बदललं, मासे वाचले. शेजारच्या काकू दारात: "वैनी, कशाचा वास यायलाय हो?" माशांसाठी गॅस करतेय म्हटलं. त्यांनी माझ्याकडे, मग यांच्याकडे पाहिलं आणि काही न बोलता गेल्या. रात्री हे म्हणाले, "मेडिकलवालीच्या घरात हातभट्टी, पेपरात येईल."

धडे: गूळ बंद. बाटली खांद्यापर्यंतच भरायची, वरचा तिसरा हिस्सा रिकामा. आणि मध्ये एक छोटी बाटली हवीच. पहिलीतून येणारी नळी तिच्यात पाण्याखाली बुडवायची, निघणारी वर पाण्याबाहेर ठेवायची. फेस आला तर तिथे अडेल, वासही थोडा धुतला जाईल. यासाठी सोड्याची अर्ध्या लिटरची बाटली घेतली.

20 नोव्हेंबर

मतदान करून आलो. दुकान दुपारपर्यंत बंद, म्हणून कुकरचा वाद मिटवला. यांचं म्हणणं: कुकरला शिट्टी आहे, सेफ्टी व्हॉल्व्ह आहे, त्याच्याइतकं सुरक्षित भांडं नाही. ऐकायला बिनतोड. पण कुकरची रिंग बसते ती वाफेचा जोर एकदम आतून झाकणाला दाबतो म्हणून. यीस्टचा जोर मुंगीच्या पावलाने येतो. रिंग बसायच्या आधीच गॅस कडेने निघून जातो. तासभर ठेवून पाहिलं: साबणाचं पाणी पूर्ण गोलात बुडबुडत होतं. शिवाय आंबट मिश्रण महिनाभर अॅल्युमिनियममध्ये ठेवणं मला पटत नाही. आपण ताकही त्यात ठेवत नाही.

किटली आणि बरणी न लावताच बाद. बरणीच्या पत्र्याच्या झाकणाला भोक पाडलं की तिथे गंज धरतो आणि नळी बसत नाही ती नाहीच.

उरले दोन: कोल्ड्रिंकची बाटली आणि तपकिरी काचेची. खरं सांगायचं तर माझं मन काचेवर आहे. झाकण जाड, आत लायनर, तोंड नेमकं घडवलेलं, गळती शून्य. दिसायलाही प्रयोगशाळेसारखी. भाचा म्हणतो, आत्या, ती दुकानात शोभते.

1 डिसेंबर, रविवार

आठवडाभर दोन्ही भांड्यांचं टोपण हाच विषय. कुठलंही भांडं गळतं ते तोंडाशी, पोटाशी नाही, एवढं आता पाठ झालंय. टोपणातून नळी कशी काढायची याचे प्रयोग क्रमाने:

भोकाभोवती झटपट चिकटणारा गोंद. दोन दिवसांत पापडासारखा सुटला. मग दोन रंगांचे गोळे मळून लावायची इपॉक्सी लांबी. तीही अख्खी अंगठीसारखी निघून आली. टोपण पॉलिथीन किंवा पॉलिप्रोपिलीनचं असतं, त्यावर काहीच चिकटत नाही. तेलकट ताटलीवर तिकीट चिकटवण्यासारखं आहे ते.

मग बिनगोंदाचं. नळीपेक्षा किंचित लहान भोक, नळीचं टोक तिरकं कापून पकडीने खेचून आणायचं. हे खरंच चालतं, पण पकडीचा एक चरा नळीला गेला की संपलं. तिसऱ्या प्रयत्नात जमलं.

यांनी शेतातून ठिबकच्या मायक्रोट्यूबचे बारीक कनेक्टर आणले. दोन्ही टोकांना दाते, टोपणात दाबले की बसतात. कमी दाबाला छान, नळी ओढली की डुलतात.

शेवटी उत्तर निघालं चौकातल्या पंक्चरच्या दुकानात. सायकलच्या जुन्या ट्यूबचा धातूचा व्हॉल्व्ह: खाली रुंद चकती, अंगाला आट्या, वर नट. मामांनी ट्यूबमधून कापून दिला आणि आतला पिनचा भाग काढून घेतला. टोपणात आतून घातला, दोन्ही बाजूंना रबराचे वायसर, वरून नट आवळला. वरच्या टोकावर नळी चढते, बारीक तारेने बांधली. टोपण लावून बाटली बादलीत बुडवून हाताने दाबली: एकही बुडबुडा नाही. मामांनी पैसे घेतले नाहीत, फक्त विचारलं की यात हवा भरायची का काढायची.

बुडबुडे मोजायलाही सलाईनचाच सेट. थेंब पडतात तो पारदर्शक कक्ष उलटा धरायचा, निम्मा पाण्याने भरायचा. गॅस खालून शिरतो, पाण्यातून बुडबुडा वर येतो आणि मोजता येतो. दोन गोष्टी बघून घ्याव्या लागल्या. टोकाजवळ हवेचं छिद्र असलेला सेट नको, तिथून सगळं निघून जातं. आणि इंजेक्शनसाठीचा रबरी फुगा असतो तेवढा भाग कापून टाकायचा.

8 डिसेंबर

टाकीत सिरॅमिकची चकती लावली. तिच्यातून धुक्यासारखे बारीक बुडबुडे येतात, बघत बसावंसं वाटतं. पण तिला चांगला दाब लागतो. बाटलीत तेवढा दाब धरायला पाऊण दिवस गेला आणि त्या वेळात मधल्या छोट्या बाटलीचं टोपण गळतं हे उघड झालं. तिथे मी आळसाने ठिबकचाच कनेक्टर ठेवला होता.

म्हणजे नळीच्या या टोकाला कसलं भांडं चालेल हे नळीच्या त्या टोकाला काय आहे त्यावर ठरतं. चकती असेल तर सोड्याची बाटली आणि नटाचं टोपण, दुसरं काही नाही. नुसती उलटी वाटी असेल, तिच्यात गॅस साठून हळूहळू पाण्यात विरघळणारी, तर दाब जवळपास लागतच नाही आणि डुगडुगतं टोपणही चालून जातं. हे आधी कळलं असतं तर महिना वाचला असता. छोट्या बाटलीलाही व्हॉल्व्ह बसवला.

15 डिसेंबर

आकडे. बोअर आणि आरओचं पाणी निम्मं-निम्मं, केएच (पाण्यातल्या बायकार्बोनेटचं माप) 6. गॅस नसताना पीएच 7.8, आज दुपारी 6.9. केएच आणि पीएचवरून कार्बन डायऑक्साइड काढायचं सूत्र आहे: 3 गुणिले केएच गुणिले 10 चा (7 वजा पीएच) वा घात. आधी 3 पीपीएम (लिटरला 3 मिलिग्रॅम) होता, आता 23 च्या आसपास. रोटालाच्या शेंड्याला गुलाबी झाक. दुपारी चारला पानांखाली ऑक्सिजनचे मणी लागले होते. भाच्याने फोटो काढून आख्ख्या ट्यूशनला पाठवला.

22 डिसेंबर

थंडी. पहाटे खोलीत 16, बुडबुडे मिनिटाला 8 वर आले. त्याहून वाईट म्हणजे सकाळी मधल्या बाटलीत टाकीचं पाणी. रात्री गार होऊन बाटलीतला गॅस आकसला, यीस्ट झोपलेलं, नळीतून पाणी उलटं खेचलं गेलं. थोडं आणखी खेचलं असतं आणि कुठलं टोपण सैल असतं तर टाकी त्या नळीतून फरशीवर रिकामी झाली असती. नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (गॅस पुढे जाऊ देतो, पाणी मागे येऊ देत नाही) मुळात नव्हताच, विसरले होते. आज लावला, टाकीच्या काठाजवळ. बाटली पाण्याच्या बादलीत ठेवून वरून जुनी गोधडी.

30 डिसेंबर, सोमवार (वेळ अमावस्या)

औशाच्या शेतात होतो. भज्जी, बाजरीचे उंडे, आंबील. आंबील मडक्यातच बरी लागते, यावर सासूबाई आणि मी पहिल्यांदाच एकमत. मी विचारलं, मडक्याचं तोंड कणकेने बंद केलं तर गॅस राहील का? त्या म्हणाल्या, "राहिला तर मडकं राहणार नाही." नंतर विचार केला तर मडकं फुटायचीही वेळ येणार नाही. जी भिंत पाणी झिरपू देते म्हणून माठ गार राहतो, ती गॅसला काय अडवणार? आंबिलीला तेच हवं असतं. माझ्या कामाला नाही.

12 जानेवारी 2025, रविवार

थंडी जरा सरली, बादली-गोधडीने यीस्टला जोर आला आणि कालच मी नवीन मिश्रण केलं होतं. सकाळी सहाला सगळे मासे वर, तोंडं पृष्ठभागाला लावून. पीएच 6.5. सूत्राने 57 पीपीएम. सिलिंडरचा गॅस रात्री टायमरवर बंद करता येतो, यीस्टला घड्याळ कळत नाही. दिवे नसताना झाडंही गॅस घेत नाहीत, उलट सोडतात. लगेच पंपाला जोडून हवेचे बुडबुडे सोडणारा दगड टाकीत सोडला, तरी एक टेट्रा गेली. आता हवेचा पंप टायमरवर, रात्री 10 ते सकाळी 6. पंप इन्व्हर्टरवर जोडला, कारण लाइट गेली तरी बाटली चालूच राहणार.

14 जानेवारी, संक्रांत

ही नोंद नीट लिहून ठेवतेय.

भाच्याने परवाच्या मेलेल्या माशाचं मनावर घेतलं. काल रात्री गॅस थांबवावा म्हणून त्याने सलाईनच्या नळीवरचं चाक, थेंब कमी-जास्त करायचं ते, पूर्ण दाबून बंद केलं. मला न सांगता. पंप चालू होता, तरी खात्री म्हणून.

सकाळी बाटलीला हात लावला तर दगड. बोटाने तसूभर दबत नव्हती. तळाच्या पाकळ्यांमधल्या खाचा भरून आल्या होत्या, अंग किंचित फुगून लेबल ताणलं होतं. मी भाच्याला आणि सासूबाईंना खोलीबाहेर काढलं, बाटलीवर गोधडी टाकली आणि चाक अगदी थोडं थोडं सोडलं. दहा मिनिटं सू-सू चाललं होतं. टोपण उघडलं असतं तर अर्धं मिश्रण छताला गेलं असतं. व्हॉल्व्ह तसूभर हलला नव्हता. मामांना तिळगूळ द्यायला जायचंच होतं.

मग बसून आकडे मांडले. शँपेनच्या बाटलीत वातावरणाच्या 5-6 पट दाब असतो, आणि तो बाटली बंद करताना लिटरमागे सुमारे 24 ग्रॅम साखर आणि यीस्ट घालून आलेला असतो. म्हणूनच त्या बाटलीची काच इतकी जाड. माझ्या मिश्रणात लिटरमागे 133 ग्रॅम. साडेपाच पट. म्हणजे बंद ठेवली तर कुठलंही घरगुती भांडं पुरणार नाही, प्रश्न फक्त ते कसं जाणार एवढाच. पेटची बाटली आधी कडक होते, फुगते, पाय गमावते, हाताला कळतं. काच काही कळू देत नाही. गळती शून्य म्हणून ज्या तपकिरी बाटलीवर माझं मन होतं, ती काल रात्री त्या जागी असती तर? टाकी तिथून दीड फुटावर आहे, भाच्याचा अभ्यासाचा टेबल तीन फुटांवर.

ती दुपारीच दुकानात परत नेली. चाक नळीसकट कापून टाकलं. या मांडणीत बंद होणारी कुठलीच वस्तू नको. सिरॅमिकची चकतीही काढली. शेवाळ धरून ती आपोआप चोंदते, ते भाच्याने चाक बंद करण्यासारखंच झालं, फक्त सावकाश. तिच्या जागी आता उलटी वाटी: सलाईनच्या रिकाम्या प्लास्टिक बाटलीचा कापलेला तळ, फिल्टरच्या धारेखाली. दिसायला गबाळी आहे. पीएच 7.0 वर स्थिर.

भाच्याला काही बोलले नाही. तो दिवसभर स्वतःच गप्प होता.

26 जानेवारी

एकाऐवजी दोन बाटल्या, आठ-आठ दिवसांच्या अंतराने भरलेल्या, दोन्ही एकाच मधल्या बाटलीत. एक उतरणीला लागते तेव्हा दुसरी चढणीला. मिनिटाला 35 ते 45 बुडबुडे, याहून फरक नाही. दोनदा टोपण उघडताना लक्षात आलं की एक उघडली की दुसरीचा गॅस उघड्या तोंडाने पळतो, म्हणून प्रत्येकीला आपला नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह.

नवीन टोपण घेताना फसले. सध्याच्या बऱ्याच बाटल्यांचा गळा आखूड असतो, जुन्यांचा लांब. टोपण अदलाबदल केलं तर फिरतं, बसल्यासारखं वाटतं आणि गळतं. ज्या बाटलीचं टोपण तिलाच. बाटली आणि तिचं टोपण, दोन्हींवर एकाच रंगाची चिकटपट्टी.

2 मार्च, रविवार

दुपारी खोलीत 33. यीस्टला ही हवा मानवते, फारच मानवते. 20 दिवस चालणारी बाटली 9 दिवसांत संपली. साखर चायना ग्रासमध्ये जेलीसारखी बांधून पाहिली: तळाला साखरेची जेली, वर यीस्टचं पाणी, वरच्या थराला हळूहळू साखर मिळते. 15 दिवस गेले. पण बाटली धुताना ती जेली त्या अरुंद तोंडातून निघता निघेना. चमच्याची दांडी, झाऱ्याची दांडी, शेवटी गरम पाणी. इथे कोल्ड्रिंकच्या बाटलीचं सगळ्यात मोठं वैगुण्य समजलं, आणि गरम पाण्याने दुसरं: उकळतं पाणी ओतलं तर पेट आखडून वाकडी होते. ही बाटली गेली. जेली बंद, यीस्ट अर्ध्यावरून पाव चमचा, बाटल्या बादलीत आणि बादलीतलं पाणी रोज सकाळी बदलायचं.

बादलीचं पाणी कुठे जातं हे सासूबाईंनी विचारलं. जास्वंदीला.

30 मार्च, रविवार (पाडवा)

सध्याची मांडणी: सव्वादोन लिटरच्या कोल्ड्रिंकच्या 2 बाटल्या, अर्ध्या लिटरची सोड्याची 1, सायकलचे 4 व्हॉल्व्ह (मधल्या बाटलीला आता एकच नळी आत, दोन्ही बाटल्या टी-जोडाने तिला मिळतात, उरलेला पाचवा व्हॉल्व्ह सुटा ठेवलाय), 3 नॉन-रिटर्न. खर्च मांडला तर सगळ्यात महाग यीस्ट.

बाटल्या चार महिन्यांनी बदलायच्या ठरवलंय. दर वेळी दाबून-धुऊन अंगावर पांढरे चरे येतात, मानेशी आधी. तशी बाटली ठेवायची नाही. घरात कुणी कोल्ड्रिंक आणलं की आता भाचा आधी तळ बघतो, मग गळा.

रोटाला पृष्ठभागाला पोचली, आज पहिली छाटणी. कापलेले शेंडे परत वाळूत रोवले, उरलेले शेजारच्या काकूंच्या नातवाला दिले. त्यांच्या टाकीत गॅस नाही. काकू विचारत होत्या, वास न येता करता येतो का.

बाटली 2 आज भरली. पट्टीवर लिहिलं: 30/3, पुढची 7/4.